परदेशी पदवीचा रस्ता शाळेच्या रजिस्टरातून जातो

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला आहे तो युरोपातील विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांचा. विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, मुलीला नागपूरला शिकायला पाठवायचे म्हटले तरी घरात आठ दिवस चर्चा चालते, आणि हे मास्तर युरोपच्या गोष्टी सांगायला उभे राहिले! शंका रास्त आहे. परंतु मी आपणांस युरोपची सहल घडवणार नाही. मी बोलणार आहे ते कागदपत्रांविषयी, सवयींविषयी आणि पैशांविषयी, आणि ही तिन्ही कामे भंडारा जिल्ह्यातच, आपल्या घरी आणि आपल्या शाळेत होणारी आहेत.

पैशाची गोष्ट आधी घेतो, कारण आपल्या समाजात चर्चा तेथेच थांबते. एकेकाळी विलायतेस जाणे हे ज्याच्या घरी व्यापार त्याचेच काम होते. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली कोवळ्या वयात इंग्लंडला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. वडील मोठे व्यापारी, म्हणून ते साधले. परत येऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, ती गरीब मुलांसाठी. ज्याच्या घरी व्यापार नव्हता त्याला शिष्यवृत्तीवाचून दुसरा मार्ग नव्हता. १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज अशी जुळवाजुळव करून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. एवढी प्रचंड बुद्धिमत्ता, पण तीन वर्षे अडकली ती पैशापायी! म्हणून शिष्यवृत्ती म्हटली की पहिला प्रश्न हा विचारावा: किती दिवसांची, आणि तेवढ्यात शिक्षण पुरे होते का?

मुलींच्या पालकांना मी आणखी एक नाव सांगतो. आतिया फैजी. तय्यबजींच्याच नात्यातल्या. १९०६ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी गेल्या. प्रकृती साथ देईना म्हणून शिक्षण पुरे न करताच वर्षभरात त्या परतल्या. परंतु तेथील दिवसांची त्यांनी लिहिलेली रोजनिशी उर्दू स्त्रियांच्या पत्रात छापली जात असे, आणि १९२१ साली ती ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच राज्यातील एक मुस्लिम मुलगी शिक्षिका होण्यासाठी समुद्र ओलांडते, हे मी मुद्दाम सांगतो. कारण ‘आपल्यात अशी पद्धत नाही’ हे वाक्य मला दर पालकसभेत ऐकावे लागते.

आता आजची गोष्ट. युरोपीय संघाने २००४ साली ‘इरास्मस मुंडुस’ नावाची योजना सुरू केली. इरास्मस हा पाचशे वर्षांपूर्वीचा हॉलंडचा विद्वान. पॅरिस, केंब्रिज, बाझेल असा तो ज्ञानासाठी गावोगाव हिंडला. मुंडुस म्हणजे लॅटिन भाषेत जग. या योजनेत निरनिराळ्या देशांतील किमान तीन विद्यापीठे एकत्र येऊन एकच पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. विद्यार्थी पहिले सत्र एका देशात, दुसरे दुसऱ्या देशात आणि प्रबंध कदाचित तिसऱ्या देशात, असा शिकतो. शेवटी त्याला सर्व विद्यापीठांची मिळून एक संयुक्त पदवी मिळते, किंवा प्रत्येकाची वेगळी पदवी मिळते. अभ्यासक्रम एक ते दोन वर्षांचा असतो. शिकवण्याची भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजीच.

शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, विमा त्यांचाच, आणि राहण्या-जेवण्यासाठी, प्रवासासाठी व व्हिसासाठी मिळून दरमहा १,४०० युरो, अभ्यासक्रम संपेपर्यंत, जास्तीत जास्त २४ महिने. युरोचे शंभर रुपये धरले तर महिना एक लाख चाळीस हजार. हे ऐकून कोणी डोळे विस्फारू नयेत. तेथे एका खोलीच्या भाड्यातच पाच-सहाशे युरो जातात. मुलगा घरी पैसे पाठवील, बहिणीचे लग्न उरकील, असा हिशेब करू नका. तो तेथे नीट शिकेल, एवढ्यापुरतेच ते पैसे आहेत. मात्र हे कर्ज नव्हे. परत करायचे नाही, त्यावर व्याज नाही. व्याजाच्या कर्जाला हात लावायचा नाही म्हणून ज्या घरांत मुलांचे शिक्षण पदवीवरच थांबते, त्या घरांसाठी मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजात सवलत देत असे. ती २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि ज्यांच्याकडे इतर मागासवर्गाचा दाखला आहे त्यांच्यासाठी बहुजन कल्याण विभागाची आहे. त्यांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. इरास्मसला मात्र जात, धर्म, वडिलांचे उत्पन्न, वय यांपैकी काहीच विचारले जात नाही.

खर्चाबाबत एक इशारा देऊन ठेवतो. प्रवेश मिळणे आणि शिष्यवृत्ती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आपली निवड झाली आहे, परंतु खर्च आपण करावा’ अशीही पत्रे येतात, आणि तेव्हा फीच वर्षाला आठ-नऊ हजार युरोपर्यंत जाते. असे पत्र हाती पडले म्हणून धानाची बांधी विकायला काढू नका. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. तसेच, अर्ज विद्यार्थ्याने स्वतः त्या अभ्यासक्रमाकडे थेट करायचा असतो. बहुतेक ठिकाणी अर्जाला फीसुद्धा नसते. तेव्हा ‘सीट पक्की करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावावे.

स्पर्धा मोठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एका अभ्यासक्रमाला साऱ्या जगासाठी वर्षाकाठी साधारण वीसएक शिष्यवृत्त्या असतात. तरीही पहिल्या वीस वर्षांत सहा हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती मिळवणाऱ्यांत आपला देश सतत आघाडीवर राहिला आहे. मग त्यात आपल्या तुमसर, पवनी, साकोलीची मुले का दिसू नयेत? बुद्धी कमी म्हणून नव्हे. माझ्या मते तीन ठिकाणी गाडी अडते, आणि त्यांपैकी एकही ठिकाण युरोपात नाही.

पहिले ठिकाण म्हणजे नाव. होय, मुलाचे नाव! शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘मो.’ लिहिलेले, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’, आधारवर इंग्रजी स्पेलिंग निराळे आणि जन्मदाखल्यावर चौथेच काहीतरी. ‘शे.’ म्हणजे शेख, हे आपल्याला कळते. जर्मनीतल्या कारकुनाला कसे कळावे? मुलींच्या नावात तर ‘बी’, ‘बेगम’, ‘परवीन’ कधी लागते, कधी गळते. कोणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी, तर कोणाचे आडनाव वडिलांच्या नावात मिसळलेले. बावीस वर्षांचा मुलगा अर्ज करायला बसतो तेव्हा हे चार कागद एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करण्यातच मुदत निघून जाते. शाळेत असेपर्यंत रजिस्टरातील नोंद रीतसर अर्जाने दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर तेच काम फार किचकट होऊन बसते. तेव्हा शिक्षक बंधूंनो, पहिलीत नाव घालताना संक्षेप करू नका. दोन अक्षरांची शाई वाचवून आपण मुलाच्या पुढच्या आयुष्यात अडथळा लिहून ठेवतो.

दुसरे ठिकाण म्हणजे शिफारसपत्र. बहुधा दोन प्राध्यापकांची पत्रे लागतात, आणि ती प्राध्यापकांनी स्वतःच्या अधिकृत ई-मेलवरून परस्पर पाठवायची असतात. ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षे शेवटच्या बाकावर बसून काढली, ज्याने सरांना एकही प्रश्न विचारला नाही, त्याच्याविषयी सर काय लिहिणार? ‘वर्तणूक चांगली’, एवढेच! ते तर प्रत्येक दाखल्यावर असते. पदवीच्या पहिल्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकाला आपले काम दाखवत राहा, चुका विचारत राहा. आपली मुले वर्गात अदबीने गप्प बसतात. अदब चांगली, पण गप्प बसणे म्हणजे अदब नव्हे.

तिसरे ठिकाण हे की, आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. अर्जाबरोबर एक पत्र लिहावे लागते: मला हा विषय का शिकायचा आहे? आपली मुले तेथे कोठून तरी उतरवलेली गुळगुळीत वाक्ये लिहितात. अरे, आपण तलावांच्या जिल्ह्यात राहतो! मालगुजारी तलावाची पाळ, तुडुम, त्यातून निघणारा पाट, पाणी वाटून घेण्याची गावाची रीत, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याने ते लिहावे. भूजलाच्या अभ्यासाचा एक संयुक्त अभ्यासक्रम लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन येथील संस्थांनी मिळून चालवला आहे. डेल्फ्ट, ड्रेस्डेन, बार्सिलोना आणि ल्युब्लियाना येथील संस्थांनी पूरव्यवस्थापनाचा चालवला आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या घराघरांत शिरले, तेव्हा ज्या मुलाने रात्रभर जागून सामान माडीवर चढवले, त्याला पूर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत. खनिजसंपत्तीच्या अभियांत्रिकीचाही संयुक्त अभ्यासक्रम आहे, त्यात बेल्जियमचे लीएज आणि स्वीडनचे लुलेओ ही विद्यापीठे आहेत. कला शाखेवाल्यांनी निराश होऊ नये. शिक्षणधोरण, पत्रकारिता, स्त्री-अभ्यास यांचेही अभ्यासक्रम निघालेले आहेत. स्त्री-अभ्यासाचा तर स्पेनच्या ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने चालत आला आहे. ग्रानादा म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले गरनाता. मात्र अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी बदलते, जुने बंद होतात, नवे येतात. म्हणून अर्जाच्या वर्षीची यादी पाहूनच ठरवावे.

वेळापत्रक थोडक्यात सांगतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात, निवड वसंतात कळते, वर्ग सप्टेंबरच्या सुमारास भरतात. म्हणजे पासपोर्ट त्याआधीच्या उन्हाळ्यातच हाती हवा. नागपूर विद्यापीठाकडून गुणपत्रकांचा एकत्रित उतारा काढून ठेवायला हवा. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देऊन बहुधा साडेसहा गुण मिळवायला हवेत. काही अभ्यासक्रमांना इंग्रजी माध्यमातून पदवी घेतल्याचे प्रमाणपत्र चालते, काहींना चालत नाही. जर्मनीला जायचे असेल तर भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सामान्यतः कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. तीन वर्षांची पदवी कोणाला चालते, कोणी चार वर्षांची मागतो. परत येऊन सरकारी नोकरी करायची असेल तर त्या पदवीस येथे समकक्षता मिळते का, हेही आधीच पाहावे.

जेवणाखाणाची आणि नमाजाची चिंता मातांना असते. युरोपच्या बहुतेक मोठ्या विद्यापीठ-गावांत मशिदी आहेत, हलाल मिळते. तरी मुलींना जो स्वयंपाक शिकवता तो मुलांनाही शिकवा. चहासुद्धा न येणारा मुलगा दोन वर्षे काय खाईल?

आता संस्थेकडे एक मागणी. शिष्यवृत्ती मिळाल्यावर पैसा येतो, परंतु मिळण्याआधीचा खर्च विद्यार्थ्याचा असतो. आयईएलटीएसला सतरा-अठरा हजार रुपये लागतात, पासपोर्टला दीड हजार, शिवाय कागदपत्रांसाठी नागपूरच्या खेपा. मजुरी करणाऱ्या घराला एवढेही एकदम काढणे शक्य नसते. दरवर्षी दोन-तीन लायक मुलामुलींसाठी संस्थेने कर्ज-ए-हसना म्हणून एवढी रक्कम बाजूला ठेवावी, आणि त्यांत निम्म्या मुली असाव्यात, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. मदरशांना आणि लग्नांना आपला समाज सढळ हाताने देतो, तेव्हा हे जड जाऊ नये.

पालकांसाठी शेवटची सूचना. ज्यांची मुले यंदा आठवी-नववीत आहेत त्यांनी या महिन्याच्या कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. येताना मुलाचा जन्मदाखला, आधार आणि असल्यास रेशनकार्ड घेऊन यावे. रजिस्टर समोर ठेवून आपण प्रत्येक नाव अक्षरशः जुळवून पाहू, आणि जेथे फरक दिसेल तेथे दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी लिहून घेऊ. वडिलांना सवड नसेल तर आईने यावे. सही-अंगठा दोन्ही चालेल.