धारावी, ओरंगी, कोराईल : तुलना कशासाठी?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थतज्ज्ञ नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तरीही हा विषय मी स्वतःहून मागून घेतला, आणि त्याला कारण आहे.

२०२३ साली पाकिस्तानात पिठासाठी रांगा लागल्या होत्या. ते व्हिडिओ पाहून ऑफिसच्या कँटीनमध्ये एक सहकारी मला म्हणाला, "बघ, तुम्ही तिकडे असता तर?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण "तुम्ही" हा शब्द माझ्या लक्षात राहिला. त्याच आठवड्यात मोहल्ल्यात एक चाचा सांगत होते, "बांगलादेशनं भारताला मागे टाकलं, माहीत आहे का?" त्यांच्या आवाजात थोडा आनंद होता. एकाला शेजारी गरीब असल्याचं समाधान होतं, दुसऱ्याला शेजारी श्रीमंत झाल्याचं. आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल मात्र दोघंही बोलत नव्हते.

म्हणून आज तुलना करू या, पण नीट.

आधी आकडे. चाचा अगदी खोटं बोलत नव्हते. २०२० साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं अंदाज दिला होता की, दरडोई उत्पन्नात बांगलादेश त्या वर्षी भारताच्या किंचित पुढे जाईल. फरक दहा-पंधरा डॉलरचा होता. आपल्याकडे त्यावर केवढा गदारोळ झाला! सहकाऱ्याचंही खरं होतं. मे २०२३ मध्ये पाकिस्तानातली महागाई ३८ टक्क्यांवर गेली होती, आणि त्या देशानं आजवर वीसपेक्षा जास्त वेळा नाणेनिधीचे कर्ज-कार्यक्रम घेतले आहेत. पण ज्या बांगलादेशाचं कौतुक चाललं होतं, त्यानंही जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घेतलं. पुढच्याच वर्षी तिथले विद्यार्थी सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून रस्त्यावर उतरले आणि ५ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांना देश सोडावा लागला. देशाची सरासरी वाढली म्हणजे प्रत्येक तरुणाला नोकरी मिळाली असं होत नाही.

झोपडपट्टीचे आकडे तर आणखी फसवे. आपल्या २०११ च्या जनगणनेत देशभरात साडेसहा कोटी लोक झोपडपट्टीत राहतात असं आलं. बांगलादेशनं २०१४ मध्ये वस्त्यांची गणना केली, तेव्हा फक्त २२ लाखांच्या आसपास आकडा आला. मग बांगलादेश जिंकला का? नाही. संयुक्त राष्ट्रांची पद्धत लावली तर त्याच देशातली जवळपास निम्मी शहरी जनता झोपडपट्टीसदृश घरात राहते. कारण एका ठिकाणी वस्ती मोजतात आणि दुसऱ्या ठिकाणी घर : पाणी आहे का, संडास आहे का, एका खोलीत किती माणसं आहेत. दोन प्रोग्रॅम वेगवेगळ्या एककांत उत्तर देत असतील, तर त्यांची वजाबाकी करू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

म्हणून देश बाजूला ठेवू आणि गल्लीत जाऊ.

कराचीत ओरंगी आहे. १९७१ नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली उर्दूभाषक कुटुंबं मोठ्या संख्येनं तिथं स्थायिक झाली. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथं ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. हा माणूस पूर्वी आयसीएस अधिकारी होता, नोकरी सोडून आलेला. पुढे त्यांनी कोमिल्लात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ग्रामविकासाचं मोठं काम उभं केलं होतं. त्यांनी ओरंगीतल्या लोकांना विचारलं, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती? लोक म्हणाले, सांडपाणी. महापालिका येईल म्हणून ते वाट पाहत होते.

मग ठरलं असं : वीस-तीस घरांची एक गल्ली, गल्लीचा एक प्रमुख. घरातला संडास आणि गल्लीतली गटारवाहिनी लोकांनी आपल्या पैशानं आणि आपल्या देखरेखीखाली बांधायची. संस्था नकाशा, मोजमाप आणि तांत्रिक सल्ला देणार, पैसा देणार नाही. मध्ये ठेकेदार नसल्यामुळे खर्च सरकारी कामाच्या कितीतरी पट कमी आला. पुढे एक लाखाहून जास्त घरांनी हे केलं. पण मुख्य नाला आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया ही सरकारची जबाबदारी, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. ही वाटणी लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

त्या कामात परवीन रहमान नावाच्या आर्किटेक्ट होत्या. जन्म ढाक्याचा, युद्धानंतर कुटुंब कराचीला आलं. वस्तीतल्या मुलांना हाताशी धरून त्यांनी गल्ल्यांचे आणि नाल्यांचे नकाशे तयार केले. मग शहराचं पाणी कुठं चोरलं जातं आणि जमीन कोण बळकावतं, त्याच्याही नोंदी केल्या. १३ मार्च २०१३ रोजी त्यांना गोळ्या घालून मारलं. नकाशा काढणाऱ्या बाईची भीती कोणाला वाटत असेल, याचा विचार करा.

आणि शेवट गोड नाही. २०२० च्या पावसात कराची बुडाली. त्यानंतर गुज्जर नाला आणि ओरंगी नाला रुंद करायचा म्हणून काठावरची हजारो घरं पाडली. मुसलमानांचा देश, मुसलमानांचं सरकार, मुसलमानांचीच घरं. बुलडोझरनं कोणाला कलमा विचारला नाही.

आता ढाका. गुलशन आणि बनानी या श्रीमंत भागांना लागून, तलावाकाठी, सरकारी जमिनीवर कोराईल ही वस्ती आहे. तिथं आग वारंवार लागते. एप्रिल २०१२ मध्ये तिचा काही भाग पाडला होता. पण ढाक्यातल्या वस्त्यांमध्ये एक चांगलं कामही झालं. घराचे कागद नाहीत म्हणून पाणी मंडळ नळ देत नव्हतं आणि लोक दलालाकडून महाग पाणी घेत होते. मग दुष्ठ स्वास्थ्य केंद्र ही संस्था जामीन राहिली, वस्तीच्या समित्या झाल्या आणि कायदेशीर नळ आले. लोकांनी बिलं भरली. गरीब पैसे देत नाहीत हा समज तिथं खोटा ठरला.

दुसरी गोष्ट बायकांची. बांगलादेशच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे आणि त्या कारखान्यांत लाखो बायका काम करतात. आपल्याकडे धर्मनिहाय पाहिलं तर नोकरी-धंद्यात असलेल्या बायकांचं प्रमाण मुसलमानांत खूप कमी आहे, आणि कारण म्हणून धर्माकडे बोट दाखवतात. ढाक्यातल्या बायका कोणत्या धर्माच्या आहेत? कारखाना जवळ असला आणि पगार हातात आला, की घरातले नियमही बदलतात. अर्थात, किंमतही मोठी आहे. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त कामगार मेले. भिंतीला तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. किमान वेतन आंदोलनानंतर, डिसेंबर २०२३ पासून, १२,५०० टका झालं. म्हणून डोळे झाकून कौतुकही नको.

त्याच ढाक्यात मोहम्मदपूरला जिनिव्हा कॅम्प आहे. १९७१ नंतर अडकून पडलेले उर्दूभाषक लोक. त्यांना नागरिक म्हणून न्यायालयाची स्पष्ट मान्यता २००८ मध्ये मिळाली, आणि आजही कित्येक कुटुंबं त्याच अरुंद खोल्यांत राहतात. भाषा, कागद आणि संशय यांचा त्रास फक्त आपल्यालाच आहे, असं नाही.

आता घरी येऊ. धारावीत तमिळ मुसलमानांनी चामड्याचा धंदा उभा केला, सौराष्ट्रातून आलेल्यांनी कुंभारवाडा. तिथं आज पुनर्विकासाची चर्चा आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द आहे : पात्र की अपात्र. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आहे का? कराचीतही हेच होतं. तिथं २३ मार्च १९८५ पूर्वीच्या कच्च्या आबाद्या कायम करू, असं सरकारनं सांगितलं होतं. तारखेच्या एका बाजूला माणूस नागरिक, दुसऱ्या बाजूला अतिक्रमण. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदेशीर असली तरी पाणी नाकारता येणार नाही. तो निकाल वस्तीतल्या लोकांच्या चळवळीनं मिळवला.

मग या तुलनेतून मी काय घेतो?

पहिलं म्हणजे, बहुसंख्य असल्यानं गटार बांधलं जात नाही. कराची त्याचा पुरावा आहे. म्हणून "आपलं राज्य असतं तर" हे स्वप्न सोडा.

दुसरं, याचा अर्थ इथं भेदभाव नाही असा अजिबात नाही. मला पगार असूनही नाव सांगितल्यावर भाड्याचं घर नाकारलं गेलं आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंब्रा का वाढलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सच्चर समितीनं २००६ मध्ये हे सगळं कागदावर आणलं. गरिबीचं दुखणं तिन्ही देशांत सारखं आहे. त्यावर अल्पसंख्य असण्याचा भार वेगळा पडतो. तिथल्या हिंदूवर, ख्रिश्चनावर, बिहारीवर पडतो, इथं आपल्यावर. तिथल्या अल्पसंख्याकांबद्दल गप्प बसून इथला न्याय मागता येणार नाही.

तिसरं, ती ओरंगीची वाटणी. मशिदीच्या मिनारासाठी आपल्याकडे चार जुम्म्यांत चंदा जमतो. गल्लीतल्या गटाराचा विषय काढला की सगळे नगरसेवकाकडे बघतात. गल्लीतलं काम आपण एकत्र येऊन करू शकतो. पण मुख्य नाला, पाण्याची मोठी वाहिनी, शाळा, दवाखाना हे सरकारचं काम आहे. ते आपण चंद्यातून करायचं नाही, हक्कानं मागायचं.

आणि मागायला कागद लागतो. म्हणून पुढच्या रविवारी भाषण नको. प्रत्येकानं आपापल्या गल्लीचा नकाशा काढून आणा. किती घरं, किती नळ, पाणी किती वाजता येतं, किती संडास चालू, नाला कुठं तुंबतो. मोबाइलवर काढा किंवा वहीच्या पानावर. चार-पाच गल्ल्यांचे नकाशे जोडले की आपण ते घेऊन वॉर्ड ऑफिसला जाऊ.

कँटीनमधल्या त्या सहकाऱ्यालाही मी बोलावणार आहे. त्याच्या इमारतीचं सांडपाणी आमच्याच नाल्यात येतं.