भाताच्या मुळांशी राहणारा राखणदार

१९४२ साली बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग पसरला. पुढल्या वर्षीच्या दुष्काळाचे ते एक कारण मानले जाते. एकमेव नव्हे, राज्यकर्त्यांचे पाप बुरशीच्या माथी मारू नये.

भातावर करपा पडतो तोही बुरशीमुळेच. त्यावर उपाय ठरणारा स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू मुळांभोवतीच्या मातीत राहतो. तेथील लोह तो स्वतःकडे ओढून बुरशीची उपासमार करतो. शिवाय रोपाची प्रतिकारशक्ती जागवतो. किलोभर बियाण्यास त्याची १० ग्रॅम भुकटी पाण्यात कालवून लावतात व बियाणे रात्रभर भिजवतात. मात्र ही भुकटी सजीव असते. तापलेल्या दुकानात पडून राहिलेल्या पुडीतून शेतकऱ्याच्या हाती मेलेले जिवाणू येतात, आणि बोल लागतो विज्ञानाला. तेव्हा पुडी घेताना आधी तिच्यावरची तारीख वाचा.