वऱ्हाडचा नवा आरसा

मनुष्य स्वतःस ओळखतो तो बहुतांशीं दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं. पूर्वीं हे डोळे आळींतले, गांवांतले, फार तर नात्यागोत्यांतले असत. आज इंटरनेटमुळें ते असंख्य झाले आहेत, आणि त्यांत आपलें रूप कसें उमटतें हें खिशांतल्या मोबाईलवर क्षणांत पाहतां येतें. या नव्या आरशांत वऱ्हाडचा माणूस स्वतःस कसा दिसतो, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

अमरावती किंवा अकोला जिल्ह्यांतल्या एखाद्या तरुणानें तेथें आपल्या मुलखाचा शोध घेतला, तर दोन चित्रें वारंवार त्याच्यापुढें येतात. पहिलें शोकाचें आहे. २००६ च्या जूनअखेर पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भांत आले आणि सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. अमरावती व अकोला त्या सहांपैकींच होते. 'आत्महत्याग्रस्त' हें विशेषण या जिल्ह्यांच्या नांवांस जणूं कायमचें चिकटलें. हें दुःख खरें आहे. तें लपवूं नये. परंतु ज्या मुलास आपला बाप बातमींतल्या आंकड्यासारखा दिसूं लागतो, त्यास स्वतःच्या शेताकडे पाहण्याचें धैर्य कोठून यावें?

दुसरें चित्र हंशाचें. 'मले', 'तुले', 'काहून' हे शब्द कानीं पडले कीं ऐकणारा विनोदाची वाट पाहूं लागतो. शिक्षणासाठीं पुण्यास गेलेला वऱ्हाडी मुलगा पूर्वीं 'मले'चें 'मला' करी आणि बेतानें बोले. आज तोच मुलगा मोबाईलपुढें उभा राहून निःसंकोच वऱ्हाडी बोलतो व हजारों लोक तें ऐकतात. बोलीची लाज गेली, हा लाभ लहान नव्हे. मात्र कोणत्या बोलण्यास किती दाद मिळाली, याचा आंकडा तेथेंच खालीं उमटत असतो. तो पाहून मुलगा दुसऱ्या दिवशीं तेंच बोलणें अधिक ठसक्यानें करतो. हळूहळू तो वऱ्हाडी माणसाचें सोंग वठवूं लागतो. आपली बोली केवळ हंसविण्याचें साधन आहे असें एकदां मनानें घेतलें, कीं घरांतल्या आजाऱ्याची विचारपूस त्यानें कोणत्या भाषेंत करावी?

याच आरशांत एक तिसरें रूपही आहे. गाडगे महाराज १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत शेंडगांव येथें जन्मले आणि अकोला जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यांतल्या दापुरा गांवीं, मामाच्या घरीं वाढले. १९५६ सालीं, निधनापूर्वीं थोडेच दिवस, मुंबईस वांद्रें येथें झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें असून तें आज कोणासही इंटरनेटवर ऐकतां येतें. महाराजांच्या कीर्तनाची रीत अशी कीं, त्यांनीं प्रश्न विचारावा, लोकांनीं उत्तर द्यावें. आणि हंसतां हंसतां प्रत्येकाच्या ध्यानांत यावें कीं, हें आपल्याच कर्जाविषयीं, आपल्याच अंधश्रद्धेविषयीं चाललें आहे. बोली तीच, हंशाही तोच. पण तेथें लोक बोलीस हंसत नसत, स्वतःच्या वेडगळपणास हंसत. तेराव्या शतकांतल्या लीळाचरित्राशीं ज्याचें नांव जोडलें गेलें आहे, तें रिद्धपूरही अमरावती जिल्ह्यांतच आहे, आणि मराठी भाषा विद्यापीठ आतां तेथेंच स्थापन झालें आहे. ज्या मातींत मराठी गद्यानें इतकें गंभीर बोलून दाखविलें, तिच्या लेकरांनीं आपल्या बोलीस विदूषकाचीच टोपी कां घालावी?

हा आरसा फोडून टाकणें शक्य नाहीं आणि इष्टही नाहीं. त्याच्यापुढें काय धरावें, एवढें आपल्या हातीं आहे. सुशिक्षित घरांनीं आपल्या बोलींत पऱ्हाटीवरच्या बोंडअळीची हकीकत, कापसाचा हिशेब, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, मुलांच्या शिक्षणाची चिंता हें सारें बोलून जतन करून ठेवावें. त्यास दाद थोडी मिळेल, मिळो. उद्यां एखाद्या नातवंडानें आपला मुलूख तेथें शोधला, तर रडणारा आणि हंसविणारा यांच्याखेरीज विचार करणारा वऱ्हाडीही त्यास भेटला पाहिजे.