नोंदीवाचूनचे संसार



समलिंगी विवाहावर बोलणार म्हटल्यावर काही हितचिंतकांनी मला सुचवले की हा मुंबई-पुण्याचा विषय आहे, नगरला कशाला? मला वाटते, नगरलाच आधी हवा. लग्नावरून माणसे मारली गेलेली आपण याच जिल्ह्यात पाहिली. 2013 च्या जानेवारीत नेवासे तालुक्यातल्या सोनईला तीन दलित तरुणांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका शाळकरी मुलाचा जीव गेला. दोन्हीकडे कारण सांगितले गेले ते जातीबाहेरच्या प्रेमाचे. असे प्रेम करणाऱ्यांच्या हाती निदान 1954 चा विशेष विवाह कायदा असतो. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या, आणि मग पोलिसांपुढे, कोर्टापुढे, सासर-माहेरापुढे ठेवायला एक दाखला. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना संसार करायचा असेल तर हा दाखला मिळत नाही. तो नसल्याने माणसाच्या मनाचे आणि शरीराचे काय होते, त्याबद्दल आज बोलतो.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून वगळले. गुन्हेगाराचा शिक्का पुसला गेला, नाते मात्र मान्य झाले नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी सांगितले की विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, कायदा करणे हे संसदेचे काम. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला विवाहाहून वेगळी का होईना, मान्यता असावी, असे म्हणणारे दोघेच निघाले: तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल. पुनर्विचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात केंद्राने बँकेतले संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि शिधापत्रिका यांबाबत खुलासे केले. ते स्वागतार्ह आहेत, पण खुलासा म्हणजे हक्क नव्हे. मृत्युपत्र न करता एकजण गेला तर आजही सातबाऱ्यावर भावाचे, पुतण्याचे नाव लागू शकते; जोडीदाराचे लागत नाही.

माझी वकिली दिवाणी कोर्टातली. एका गृहस्थाने सांगितलेला प्रसंग ऐका. दोघे पुरुष, चौदा वर्षे एका घरात राहतात. एका रात्री थोरल्याच्या छातीत कळ आली. धाकट्याने त्याला रिक्षात घालून रुग्णालय गाठले. दाखल करायच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. त्याने ‘मित्र’ लिहिले. काउंटरवरून उत्तर आले, ‘रक्ताचं कुणीतरी बोलवा.’ त्याने ते खोडून ‘मावसभाऊ’ लिहिले आणि सही चालली. दुसऱ्या दिवशी गावाहून सख्खा भाऊ आला, फाइल त्याच्या ताब्यात गेली, आणि चौदा वर्षे पथ्यपाणी सांभाळणारा माणूस अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिला. रुग्ण वाचला. धाकटा मला म्हणाला, ‘वकीलसाहेब, ऑपरेशनची भीती वाटली नाही. भाऊ फाइल घेऊन निघाला तेव्हा पोटात गोळा आला.’

हा गोळा कायमचा पोटात घेऊन जगणाऱ्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होतो का, हे इतर देशांत तपासले गेले आहे. डेन्मार्कने 1989 मध्ये समलिंगी जोडप्यांची नोंदणी जगात सर्वांत आधी सुरू केली. डेन्मार्क आणि स्वीडन मिळून केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 1989 ते 2002 या काळाच्या तुलनेत 2003 ते 2016 या काळात अशा नोंदणीकृत जोडप्यांमधले आत्महत्येचे प्रमाण 46 टक्क्यांनी उतरले होते. तरीही ते इतर विवाहितांच्या दुपटीहून अधिक होते, हेही सांगितले पाहिजे. कायद्याने सगळे दुखणे जात नाही.

यावर कोणी म्हणेल, लग्न करणारी माणसे मुळातच सावरलेली असतात, त्यात कायद्याचे श्रेय काय? शंका रास्त आहे. म्हणूनच मला अमेरिकेतला 2017 चा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. तो शाळकरी मुलांचा आहे. ज्या राज्यांनी समलिंगी विवाह मान्य केला, तिथे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांमधले आत्महत्येचे प्रयत्न 7 टक्क्यांनी घटले, आणि ही घट मुख्यतः समलिंगी व उभयलिंगी मुलांमध्ये होती. या मुलांना काही लगेच बोहल्यावर चढायचे नव्हते. मग फरक कशाने पडला? माझा अर्थ असा: ‘उद्या तुझाही संसार होऊ शकतो’ एवढे त्या पोरांना कळले, आणि त्यांना तग धरायला ते पुरले. आपल्याकडे पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या वसतिगृहात रात्री जागा असलेला मुलगा स्वतःचा उद्या कसा रंगवत असेल, याचा विचार करा.

त्याच्यापुढे आपण जो मार्ग ठेवतो तो भयंकर आहे. ‘लग्न लावून द्या, सरळ होईल.’ यात त्याच्या आयुष्याची माती होतेच. शिवाय काही ठाऊक नसलेली एक मुलगी त्या घरात येते, वर्षानुवर्षे स्वतःत खोट शोधत राहते, आणि मूल नाही म्हणून बोलणीही तीच खाते. समलिंगी विवाहाने कुटुंबव्यवस्था मोडेल म्हणणाऱ्यांनी या मुलींचा हिशोब कधी मांडलेला नाही. समलैंगिकता हा आजार नाही, असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्येच स्पष्ट केले. ती ‘बरी’ करण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरी भोंदू उपचारांवर पैसे ओतले जातात.

संस्कृतीचा मुद्दा निघतोच. ज्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण याच शहरात मिस फॅरार यांच्याकडे घेतले, त्यांच्या पुढाकाराने 25 डिसेंबर 1873 रोजी भटजीवाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. असली लग्ने बुडवायला तेव्हाही संस्कृतीचीच ढाल पुढे केली गेली. आज ती लग्ने आपल्या अभिमानाची गोष्ट आहेत. यवतमाळला 2017 च्या डिसेंबरात दोन पुरुषांनी आप्तेष्टांसमोर सोहळा केला, नागपूरला 2021 मध्ये दोन डॉक्टर स्त्रियांनी घरच्यांच्या साक्षीने अंगठ्या घातल्या. समाज हलतो आहे. दफ्तर हललेले नाही.

संसदेने कायदा करावा, ही माझी मागणी आहे. पण तोवर हात बांधून बसू नका. अशी जोडपी इथे असतील, आणि असणारच, तर त्यांना सांगतो: मृत्युपत्र करा. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. बँकेत, विम्यात जोडीदाराचे नाव लावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसोपचारांसाठी आपला प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो. तो नात्यातलाच हवा असे बंधन नाही. डॉक्टरांना विनंती आहे की फॉर्मवर कोणी ‘जोडीदार’ लिहिले तर खोडायला लावू नका. आणि आईवडिलांनो, मुलाने किंवा मुलीने धीर करून सांगितलेच, तर दुसऱ्या दिवशी स्थळे बघायला निघू नका. आधी त्याचे, तिचे पूर्ण ऐकून घ्या.