मुलगा सरहद्दीवर, आपण घरी

(प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. त्यातली जवळजवळ 20 वर्षं आमचा मुलगा लष्करात आहे. म्हणून कमिटीने मला विषय दिला, ‘सैनिकाचे आईवडील’. मी बँकेतला माणूस. वीररस मला जमत नाही. हिशेबाने चार गोष्टी सांगतो, त्या गोड मानून घ्या.

पहिली गोष्ट. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमीचं उद्घाटन 1932 साली त्या वेळचे सरसेनापती सर फिलिप चेटवूड यांच्या हस्ते झालं. त्या भाषणात त्यांनी जे सांगितलं तेच आजही तिथलं ब्रीद आहे. मतितार्थ असा, की आधी देश, मग हाताखालचे जवान आणि सगळ्यात शेवटी तू स्वतः. पासिंग आउट परेडनंतर मुलाच्या खांद्यावर स्टार लावायचा मान आईवडिलांना मिळतो. त्यासाठी आम्ही गेलो होतो, तेव्हा मी ते वाक्य दोनदा वाचलं. आईवडिलांचा नंबर कितवा, हे त्यात कुठेच नाही! सौ.ला म्हटलं, “आपली सोय आता आपणच बघायची.” ती म्हणाली, “ते मला तो खडकवासल्याला गेला तेव्हाच कळलं होतं.”

दुसरी गोष्ट पत्त्याची. सैनिकाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. नाव, हुद्दा, युनिट आणि खाली 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ. पार्सल कुठे जातं ते आपल्याला माहीत नसतं, पण पोचतं. दिवाळीच्या फराळातले शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू तग धरतात, चकलीचा मात्र भुगा होतो. असो. सांगायचं हे, की पत्त्यात जे लिहिलेलं नाही ते फोनवरही विचारायचं नाही. “कुठे आहेस?” असं आम्ही विचारत नाही. “जेवलास का? थंडी किती आहे?” एवढं पुरतं. आठवडाभर फोन आला नाही तर तिथे रेंज नाही, असं समजायचं. टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसायचं.

तिसरी गोष्ट जरा कठीण आहे. घरातली वाईट बातमी त्याला सांगायची की नाही? पुष्कळ जण म्हणतात, “तो इतक्या लांब, उगाच काळजी कशाला?” सौ.चं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मलाही असा सल्ला मिळाला होता. पण मी त्याच दिवशी निरोप पाठवला. तीनच वाक्यं लिहिली. काय झालं, जवळ कोण आहे आणि डॉक्टर पुढे काय करणार आहेत. एकदा लपवलं, की पुढे दहा वेळा “सगळं ठीक आहे” म्हटलं तरी त्याला ते खरं वाटणार नाही. आणि मनात संशय घेऊन माणसाने हातात बंदूक धरून रात्रभर उभं राहणं, हे जास्त वाईट.

त्यातलं ‘जवळ कोण आहे’ हे दुसरं वाक्य मला लिहिता आलं ते तुमच्यामुळे. रात्री दोन वाजता बी विंगमधल्या शेजाऱ्यांनी गाडी काढली, तीन रात्री आळीपाळीने मंडळी दवाखान्यात झोपली. मुलाने उलट एवढंच कळवलं, “मग मी निश्चिंत आहे.”

चौथी गोष्ट माझ्या खात्यातली, म्हणजे नॉमिनेशनची. मुलगा भरती होताना तो अविवाहित असतो, त्यामुळे सगळीकडे आईचं किंवा वडिलांचं नाव लागतं. लग्न झालं की ते बदलायचं राहून जातं. कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क नियमाने आधी पत्नीचा असतो. पण विमा, फंड आणि बँकेतल्या ठेवी यांचे नॉमिनेशनचे कागद वेगळे असतात. शिवाय बँकेत नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. हे माहीत नसल्यामुळे सून आणि सासूसासरे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, अशी घरं मी काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत. नोव्हेंबर 2025 पासून तर बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमून त्यांचे वाटे टक्क्यांत लिहिता येतात.

आमच्या मुलाचं लग्न झालं त्याच महिन्यात मी म्हटलं, “अरे, माझं नाव काढ, सूनबाईचं घाल.” तो काही बोलला नाही. सूनबाई उठून चहा टाकायला आत गेली. तो कागद कशासाठी असतो, हे तिघांनाही माहीत होतं. पण चहा होईपर्यंत फॉर्म भरून झाला होता. मुलाने हा विषय काढला तर आईवडिलांना दुखावल्यासारखं होतं, बायकोने काढला तर अभद्र बोलल्यासारखं. म्हणून तो आपणच काढायचा. बापाचं हे काम आहे.

आता आपल्या सगळ्यांसाठी दोन शब्द. लष्करात ‘पीस’ आणि ‘फील्ड’ अशी दोन प्रकारची पोस्टिंग असतात. फील्डला बायकामुलांना सहसा नेता येत नाही. अशा वेळी सून-नातवंडं इथे राहायला आली, तर “नवरा कधी येणार?” असं विचारण्यापेक्षा “गॅस सिलिंडर आला का?” असं विचारा. सरहद्दीवर काही घडलं, की खात्री न करता मेसेज ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपवर त्याची आईसुद्धा असते.

आणि हे फक्त अधिकाऱ्यांच्या घरापुरतं नाही. आपल्या वॉचमनकाकांचा मुलगा अग्निवीर आहे. त्याची मुदत चार वर्षांची, पुढे चारांतल्या फार तर एकाला कायम करतात. मुदत संपल्यावर सेवा निधीची जी रक्कम हातात येईल, ती कशी गुंतवायची आणि शिक्षण पुढे कसं चालू ठेवायचं, याची कागदपत्रं मी त्यांच्याबरोबर बसून बघणार आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटी ऑफिसात असेन. आणखी कोणाच्या घरचं कोणी सैन्यात असेल, तर पासबुक आणि नॉमिनेशनचे कागद घेऊन यावं. चहा माझ्याकडून.

जय हिंद, जय महाराष्ट्र!