आजोबांच्या चंचीतला अडकित्ता

आज मी एका लहानशा हत्याराविषयी बोलणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ते अजून असेल. फडताळात डब्यांच्या मागे, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत. हे हत्यार म्हणजे अडकित्ता. आपल्या बोलण्यात तो अजून जिवंत आहे. पेचात पडलेला माणूस 'अडकित्त्यात सापडलो' म्हणतो. लग्न ठरले की 'सुपारी फुटली' असे आपण सांगतो. बोलण्यातला अडकित्ता राहिला. हातातला मात्र मोडीत चालला आहे.

तिकडे अमेरिकेत शेतकऱ्याच्या खिशात मिटणारा चाकू असे. दोर कापायला, काठी तासायला, फळ चिरायला तोच. असे जुने चाकू जमवणारे हौशी लोक तिथे पुष्कळ आहेत. चाकू हाती आला की ते पाते उघडून त्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का वाचतात. पेनसिल्व्हानियातील ब्रॅडफर्ड गावी केस नावाचा चाकूंचा कारखाना आहे. त्याने १९७० साली आपल्या शिक्क्याखाली दहा ठिपके घातले आणि पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी केला. जाणकार माणूस ठिपके मोजतो आणि चाकूचे साल सांगतो! म्हणूनच जुना चाकू चाकावर घासून चकचकीत करू नये, असे ही मंडळी बजावून सांगतात. शिक्का झिजला की चाकू मुका झाला.

आपल्याकडे खिशाच्या जागी चंची होती. तिच्या कप्प्यांत पान, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता. बांधावर दोन माणसे भेटली की चंची सुटायची आणि बोलणे सुरू व्हायचे. आपल्या अडकित्त्यावर कारखान्याचा शिक्का सहसा नसतो. मग तो वाचायचा कसा?

तो हातात घेऊन पाहा. दोन दांड्या एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या. वरच्या दांडीला पाते, खालची सुपारीला आधार द्यायला. शिक्षक बंधुभगिनींना हे सांगायला नको, की ही दुसऱ्या प्रकारची तरफ झाली. टेकू एका टोकाला, जोर दुसऱ्या टोकाला आणि भार मध्ये. सुपारी खिळ्याच्या जवळ सरकवली की म्हाताऱ्या हातांनाही ती फोडता येते. वर्गात तरफ शिकवताना फळ्यावर आकृती काढण्याआधी अडकित्ता दाखवून पाहा, मुले विसरणार नाहीत. मग खिळा पाहा, किती सैल झाला आहे. पाते पाहा, धार लावून लावून किती अरुंद झाले आहे. बोटे टेकतात तिथली नक्षी पुसट झाली असेल, तर ती बोटे तुमच्याच घरातल्या कोणाची तरी आहेत.

असे पाहणारा एक मोठा माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. जुन्या वाड्यांतून, खेड्यापाड्यांतून ते हिंडले. तलवारी आणि तसबिरी जमवणारे पुष्कळ असतात. केळकरांनी दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी, दरवाजे आणि अडकित्ते जमवले. मोराचे, पोपटाचे, घोड्याचे, स्त्रीपुरुषांच्या जोडीचे, असे नाना घाटाचे अडकित्ते! शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्यालगत हे संग्रहालय आहे आणि त्यात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की राजा ही पदवी असावी. तसे नाही. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. केळकर १९९० साली वारले, पण मुलाचे नाव त्या वस्तूंनी राखले आहे.

आता माझी एक चूक सांगतो. कॉलेजात शिकत असताना मला आजोबांचा पितळी अडकित्ता सापडला. आजोबा तोवर गेले होते. अडकित्ता काळवंडलेला, हिरवट डाग पडलेला. मी हौसेने तो पॉलिशवाल्याकडे नेला आणि चाकावर चांगला घासून घेतला. सोन्यासारखा झाला! मोठ्या अभिमानाने आजीच्या हातात दिला. तिने दांडीच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाली, "अरे, अक्षरं कुठं गेली? माझ्या सासूबाईंच्या माहेरचं गाव होतं त्यावर. मला वाचता येत नाही, तुझे आजोबा वाचून दाखवायचे."

भांड्यांवर नाव घालतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरे होती ती. आधीच झिजलेली, उरलेली मी पुसली. ते गाव कोणते, हे आज आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही. अडकित्ता माझ्या टेबलावर आहे. लखलखतो आहे. पण तो काही सांगत नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. जुनी वस्तू सापडली तर आधी घासू नका. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसा आणि उजेडात तिरकी धरून पाहा. अक्षरे दिसली तर लगेच उतरवून घ्या. मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: ही कोणाची? कुठून आली? हिला आपल्याकडे काय म्हणतात?

शिक्षकांना आणखी एक सुचवतो. शाळेत संग्रहालय करायला कपाट नको, पैसाही नको. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहू द्या. मुलांना एक वही करायला सांगा. एका पानावर एक वस्तू: कागदावर ठेवून काढलेली तिची बाह्यरेषा, लांबी, धातू, गावच्या बोलीतले नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याचे नाव. वर्षभरात चाळीस पाने भरली तरी गावाचा न लिहिलेला इतिहास हाती येईल.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मुलांना सुपारीची गोडी लावता काय? मुळीच नाही. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे आणि मुलांना ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तलवार जपली म्हणून कोणी लढाईला निघत नाही. सवय सुटावी, वस्तू राहावी.

आज संध्याकाळी तेवढे फडताळ उघडून पाहा. अडकित्ता सापडला, तर तो कोणाचा हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. धातूचे काय, तो शंभर वर्षे टिकेल. माणूस तेवढा थांबत नाही.