हॅण्डल बदलताय? आधी पाना घ्या, मग पाकीट काढा

एका श्रोत्याचा निरोप आलाय. पार्सल पोचवायचं काम, दिवसाचे आठ-दहा तास गाडीवर. म्हणतो, "दादा, संध्याकाळपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. आरामाचं पण स्वस्त हॅण्डल सुचवा."

आता बघा, हीच दोन बोटं बधिर होत असतील तर पहिला संशय अल्नर नसेवर. ती तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाते. अंगाचं वजन तिथं रेललं, वर गाडीची थरथर, की ती दबते. आणि ब्रेक दाबायचा हातच सुन्न असेल, तर प्रश्न नुसत्या आरामाचा राहत नाही. गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या जात नसतील तर आधी डॉक्टर, मग हॅण्डल.

माझं म्हणणं असं, की नवीन घेण्याआधी आहे ते फिरवून बघा. सरळ पाइपचं हॅण्डल क्लॅम्पचे बोल्ट सैल केले की थोडं मागे-पुढे फिरतं. क्लच-ब्रेकचे लिव्हरही खाली-वर होतात. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट मोडता कामा नये, हाताच्या रेषेत सरळ हवं. खर्च शून्य. चार दिवस चालवा.

तरी नाही जमलं, तर माप घ्या. गाडी मेन स्टँडवर, नेहमीसारखं बसा, डोळे मिटा, कोपर किंचित वाकवून हात सहज पुढे करा. मुठी आल्या तिथून ग्रिप किती खाली, किती पुढे, हे कुणाला तरी टेपनं मोजायला सांगा. तेवढाच फरक विकत घ्यायचा. दिसायला भारी म्हणून वीतभर उंच हॅण्डल घेतलं, तर केबल आणि ब्रेकचा होजही लांब घ्यावा लागतो. स्वस्ताई तिथंच संपते.

दुकानात, समजा पुण्यात नाना पेठेत गेलात, तर क्लॅम्पमधली जाडी आधी सांगा. रोजच्या गाड्यांना बहुतेक 22 मिमी, काही मोठ्या गाड्यांना 28.6. लोखंडी पाइप जड पण स्वस्त, आपल्या कामाला पुरतो. स्विचच्या खुंटीसाठी भोक आहे का, तेही बघा. पडलेल्या गाडीचं सरळ करून विकलेलं हॅण्डल मात्र फुकट दिलं तरी नको. वाकवून सरळ केलेला पाइप तिथंच दगा देतो.

बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. ब्रेकचा होज ताणला जात असेल किंवा मूठ टाकीला लागत असेल, तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. मेकॅनिक घाईत असला तरी ही तपासणी तुमच्यासमोर करून घ्या.

तुमची गाडी कुठली आणि नेमकं काय दुखतं, कळवा. भेटू पुढच्या भागात!